दुपारची झोप

आई, तू दुपारी कधीच झोपायची नाहीस. जेवणं उरकली की सूप मांडीवर घेऊन स्वयंपाकघराच्या दाराशी बसायचीस, तांदूळ निवडत. हे मला जेवढं ठाऊक होतं तेवढं कुणालाच नव्हतं, कारण सातवी नापास झाल्यापासून मी तुझ्या नजरेतून निसटायची वेळ शोधत होतो आणि ती सापडत नव्हती. "पायाला भिंगरी लागलीय मेल्याच्या," म्हणायचीस. मी घर सोडलं त्या सकाळीही भरलेली पिशवी बघितलीस आणि म्हणालीस, "जायचं तर जा. पण मला सांगून जा. चोरासारखा गेलास तर बघ."

आता मी इंग्लंडातल्या कॉव्हेंट्रीत असतो. जुनी चित्रं लाकडी खोक्यांत भरायची, व्हॅनमध्ये घालायची, कुठल्यातरी म्युझियमच्या भिंतीवर टांगायची, हे माझं काम. चित्रांतलं मला काही कळत नाही. कोपरा आपटू नये एवढं कळतं. गेल्या महिन्यात हॉलंडची चित्रं आली, तीनेकशे वर्षांपूर्वीची. त्यांत राजे नाहीत, देव नाहीत. नुसती घरं. कुणी भांडी घासतंय, कुणी पोराच्या डोक्यातल्या उवा काढतंय, केरसुणी दाराला टेकवलेली. मला बरं वाटत होतं, खरंच. मग शेवटचं खोकं उघडलं. त्यातही स्वयंपाकघरच. एक बाई बसलीय, डोकं मुठीवर टेकलेलं, मांडीत अर्धवट सोललेली भाजी. मागे मांजर ताटातला मासा ओढतंय. आणि त्याच्याही मागे एक दार अर्धं उघडं, पलीकडे काळोखा बोळ.

म्युझियममधली मुलगी पुण्याच्या डॉक्टरांची, जन्म इथलाच. माझ्याशी हौसेनं मराठी बोलते. ती हसली. "हा एकदम फनी पिक्चर आहे, दादा. ही बाई लेझी आहे. मांजर चोरी करतो आणि ही मस्त झोपली!"

"झोपली कशावरून?"

"अहो, दिसतंय ना! घोरते पण आहे, ऐका."

"आणि ते दार कुणी उघडं टाकलं?"

"दार? दार काय, नुसतं दार आहे."

मी शिडीवर चढून चित्र सरळ करायला लागलो. बाईचा चेहरा माझ्या तोंडाशी आला. लांबून पापण्या मिटलेल्या वाटतात. जवळून खाली एक पांढरी रेघ दिसते, केसाएवढी.

त्या दुपारी मी पिशवी घेऊन आत येतो. तू अशीच बसलेली आहेस, डोकं मुठीवर. सूप कलंडलंय, तांदूळ जमिनीवर ओघळलेत. स्टोवर दूध वर येतंय. मला वाटतं, देव पावला. दूध उतू गेलं तर चर्र आवाजानं तू उठशील, म्हणून मी आधी स्टो बंद करतो. कुणी गावाला निघालं की तू हातावर दही घालायचीस. ते मी फडताळातून स्वतःच घेऊन चाटतो. तांदूळ पायाखाली वाजू नयेत म्हणून लांब ढांग टाकतो. दार कुरकुरतं, म्हणून ते लोटत नाही.

शेजारच्या काकूंनी तुला संध्याकाळी पाहिलं. दुपारीच आणलं असतं तर वाचल्या असत्या, असं डॉक्टर म्हणाले. माझा मुंबईतला पत्ता कुणाकडे नव्हता; मला कळलं तोवर तुझा दहावा झाला होता. आत्यानं विचारलं, "निघालास तेव्हा कशी होती रे?" मी म्हणालो, "चांगली होती. हातावर दही घातलं." आत्या अजून सगळ्यांना तेच सांगते आणि डोळे पुसते. लेकाला मार्गी लावून मगच गेली, म्हणते.

बसमध्ये कुणी मान टाकून झोपलेलं मला बघवत नाही. परवा एका म्हाताऱ्याला हलवून उठवलं. "काय रे, माझा स्टॉप आला का?" म्हणाला. नाही म्हटल्यावर त्यानं जी शिवी घातली, ती ऐकून जिवात जीव आला.

काल ती चित्रं परत खोक्यांत भरली. हे पत्र त्या बाईच्या चित्रामागे खोचायचं ठरवलं होतं. झाकणाचे स्क्रू आवळून झाले, व्हॅन गेली, पत्र खिशातच राहिलं. कारण एवढं लिहूनही एक गोष्ट मी गाळली होती. स्टो बंद करायला वाकलो, तेव्हा मी तुझ्याकडे बघितलं होतं. तुझे डोळे मिटलेले नव्हते.