रसदवाल्यांचा डेक

रवि., ३ ऑगस्ट
आज पुन्हा मऊ खिचडी. रामदासपेठेतल्या हॉस्पिटलात इतकी वर्षं पेशंटच्या ताटात काय जावं ते मी ठरवत आले. आता तेच पिवळं गिळगिळीत माझ्या ताटात. किळस येते. ऑपरेशन होऊन महिना उलटला. गर्भाशय काढलं, दात नाही काढले. हे सचिनला म्हटलं तर तो हळू आवाजात, "हो हो, आराम कर." त्या हळू आवाजाचीही किळस.

सासूबाईंचा फोन. "रविवारी पत्ते कुटून राहिले म्हणे तुम्ही? जुगार काय?" म्हटलं, नाही आई, यात आपसात हारजीतच नाही. सगळे एका बाजूनं, समोर संकटांचा गठ्ठा. दर फेरीला वरचं कार्ड उलटायचं, निघेल ते सोसायचं. तरलो तर सगळे, मेलो तर सगळे. त्या म्हणाल्या, "मग संसारच म्हण ना."

दुपारी अतुल उमरेडहून बसनं आला, सचिनचा कॉलेजचा मित्र. वर्षा वरच्या मजल्यावरून. खेळाचं खोकं मी कपाटातून काढायला गेले तर सचिननं हातातून घेतलं. पुठ्ठ्याचं खोकं.

हरलो. खिंडीतल्या अजगरानं गिळलं, नेहमीसारखं.

बुध., ६ ऑगस्ट
पलंगभर कार्डं पसरून बसले. नवा डेक, म्हणजे माझ्या बाजूच्या पत्त्यांचा संच, लावतेय. सगळ्यांच्या डेकमध्ये तेच ते, चमकत्या तलवारी, पिळदार दंड, केस उडताहेत. बघून वीट आला. या खेळात कोणी जेवतच नाही. एवढं सैन्य महिनोन्‌महिने जंगलात, आणि चूल कुठाय?

तर माझ्या डेकात तलवार नाही. एकही नाही. आचारी, भंडारी, पाणक्या, नावाडी, खेचर. कार्डांवर नावं इंग्रजी, मी आपली मराठी पाडली. आचाऱ्याच्या चित्रात त्याच्या तोंडावर वाफ आहे, कोणाकडे बघत नाहीये. आवडला.

वर्षा डोकावली. "लढणार कोण वं?"
"तुम्ही लढा. मी पोचवते."
ती हसली. जरा जास्तच गोड.

रवि., १० ऑगस्ट
जिंकलो. खिंड पार. अजगर निघालाच नाही, आम्ही त्याच्या आधी पलीकडे. अतुलचा तिरंदाज मरायला टेकला होता, माझ्या आचाऱ्यानं उभा केला. शेवटच्या फेरीत खेचरानं धान्य पोचवलं. तिघांनी टाळ्या वाजवल्या. अतुलनं आणलेला आलुबोंडा मी सचिनच्या डोळ्यांदेखत खाल्ला.

ऑपरेशननंतर पहिल्यांदा असं वाटलं की मी कोणीतरी...

असो. चांगला दिवस.

रवि., १७ ऑगस्ट
पुन्हा जिंकलो. वणव्याचा डाव, सगळ्यात अवघड. आणि वणवा आलाच नाही.

आवरताना संकटांचा उरलेला गठ्ठा सहज उलटा केला. तळाशी अजगर, वणवा, महामारी, तुटलेला पूल, एकाखाली एक, कोणीतरी नेऊन झोपवल्यासारखे. पिसलेल्या पत्त्यांत असं होतं का? होतही असेल. पण सचिननं गठ्ठा चटकन माझ्या हातातून घेतला. "ठेवतो मी."

पत्ते नेहमी तोच पिसतो.

शनि., २३ ऑगस्ट
पोळ्याचा दुसरा दिवस, मारबतीची मिरवणूक. मला नेलं नाही, गर्दी आहे म्हणून. सचिन दुकानात गेला होता. मी गच्चीवर. वर्षा कपडे वाळत घालत होती. तिथंच विचारलं, सरळ, पत्ते आधीच लावलेले होते का.

ती चिमटे मोजत राहिली. मग म्हणाली, "सचिननंच सांगितलं होतं. तुले बरं वाटावं म्हणून. वाईट मनानं नाही केलं गं त्यानं."
"अतुलले माहीत होतं?"
"हो."
"आणि तू टाळ्या वाजवल्या."
"मंग काय करू? तू इतकी खूश होती."

माझ्या खेचराचं कौतुक मी तिघांना सांगत होते, आणि तिघं माना डोलवत होते. मूल चित्र काढून आणतं तेव्हा डोलवतात तशा. हत्ती आहे का हा? छान हत्ती.

सचिन आल्यावर विचारलं. नाकारलं नाही. बूट काढत म्हणाला, "तू रोज रडून राहिली होती. मले पाहावलं नाही."
"म्हणून फसवलं?"
"कोणाले फसवलं? समोर कोणी होतं काय? पुठ्ठा आहे तो. खेळच तर आहे, नीतू."
"खेळच आहे तर हरू द्यायचं होतं."
"हरली असती तर पुन्हा तशीच भिंतीकडे तोंड करून पडली असती."

पडले असते कदाचित. पण ते माझं पडणं असतं.

त्यानं वरण-भात वाढला. जेवले नाही.

सोम., २५ ऑगस्ट
आज हॉस्पिटलात फोन केला. म्हटलं, डॉक्टरांनी परवानगी दिलीय, पुढच्या आठवड्यात येते. ऑफिसमधल्या मॅडम गोंधळल्या. "पण सरांनी तर तुमची सुट्टी वाढवायला सांगितलं ना? आम्ही तुमच्या जागी एकजण ठेवलीय, दिवाळीपर्यंत."

सरांनी. म्हणजे सचिननं.

फोन ठेवून मोरीतली सगळी भांडी घासून काढली.

पत्ते एक वेळ सोडून देता आले असते. पण तोच हात, तेच पिसणं. आणखी कुठे कुठे तळाशी दडपलंय यानं, माझ्यापासून? आईकडच्या लोकांना काय सांगितलं असेल? माझी तिकडे बेसा भागात राहणारी मैत्रीण एकदाही भेटायला आली नाही. तिलाही यानंच...

संध्याकाळी म्हटलं, "माझ्या नोकरीचं तू कोणाला विचारून ठरवलं?"
"डॉक्टर म्हणाले होते, घाई नको."
"मला म्हणाले होते, जाऊ शकता."
"मले भीती वाटते गं." एवढंच.
मला दया आली. आणि दया आल्याचीही किळस आली.

मॅडमना पुन्हा फोन करून सांगितलं, मी पुढच्या मंगळवारी हजर होतेय, सरांचं ऐकू नका.

रवि., ३१ ऑगस्ट
अतुल येणार नाही वाटलं होतं. आला, घरचे मोदक घेऊन. वर्षाही आली, खाली मान घालून. मी म्हटलं, पत्ते मी पिसणार.

दुसऱ्याच फेरीत महामारी. चौथीत वणवा. पाणक्या गेला, नावाडी गेला, वर्षाची चेटकीण गेली. अतुल घामाघूम, पहिल्यांदाच खरं खेळत होता. शेवटी चिडला. "वहिनी, ते खेचर काढून टाका तुमचं. फुकट जागा खाऊन राहिलं. अन् लढणारा एक तरी ठेवा, आम्ही कुठवर पुरणार?"

सचिननं त्याच्याकडे डोळे वटारले. मी म्हटलं, "वटारू नको. बरोबर बोलून राहिला तो."

वाईट हरलो. महिन्याभरात माझ्याशी कोणी बोललेलं पहिलं खरं वाक्य खेचराबद्दल होतं.

खेचर काढणार नाही. पण भंडाऱ्याच्या जागी एक पहारेकरी बसेल का, बघते.

मंगळ., २ सप्टें.
कामावर. टाक्यांची जागा दिवसभर ओढत होती. माझ्या खुर्चीवर नवी मुलगी, बिचारी उठून उभीच राहिली. तिला बस म्हटलं, दोघी मिळून वॉर्ड फिरलो. एका आजोबांनी खिचडीचं ताट ढकललं. "हे कुत्रंही खाणार नाही." त्यांना भाकरी लिहून दिली, पातळ पिठल्याबरोबर.

सचिन घ्यायला आला होता. फाटकाच्या बाहेर थांबला, आत आला नाही. हे त्यानं ठरवून केलं असावं. हल्ली त्याचं काहीही दिसलं की वाटतं, ठरवून केलं असेल.

रवि., ७ सप्टें.
अतुलला ड्युटी, वर्षा माहेरी. सचिन म्हणाला, "दोघंच खेळायचं काय?"

नको म्हणणार होते. मग म्हटलं, पीस.

त्यानं माझ्यासमोर पिसले, सावकाश, हात दिसतील असे. पण कार्डं आत कशी जातात ते मला कुठे कळतंय? गठ्ठा मध्ये ठेवला. मी पहिलं उलटलं: वणवा. दुसऱ्या फेरीला महामारी. तिसरीला अजगर.

मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. घाबरलेला. खरंच नशीब हे? की मला खरं वाटावं म्हणून या वेळी वर आणून ठेवले? विचारलं असतं तर तो नाही म्हणाला असता, आणि लावलेले असोत की नसोत, नाहीच म्हणाला असता.

त्याचे दोन योद्धे उरले होते. माझा आचारी, खेचर, आणि नवा पहारेकरी. धान्य एकालाच पोचवता येत होतं.

"कोणाले देते?" त्यानं विचारलं नाही. वाट बघत बसला.

मी धान्य पहारेकऱ्याला दिलं, माझ्याच; या वेळी त्याच्या योद्ध्यांवर विसंबायचं नव्हतं. चौथं कार्ड त्याला उलटायला सांगितलं.