रंभा कुठे आहे

एटापल्ली, १२ मे १९५५

प्रिय प्रेमिला,

वरोऱ्याला पाठवलेली माझी दोन्ही पत्रं तू न फोडता परत केलीस. म्हणून या पाकिटावरचा पत्ता दवाखान्यातल्या कंपाउंडरकडून लिहून घेतला. फसवल्याबद्दल माफ कर, पण हे वाच.

आपली रंभा तापानं गेली तेव्हा तू आईच्या आजारपणासाठी माहेरी होतीस. आल्याबरोबर एकच विचारलंस, "माही पोरगी कुठी हाय?" मी पडलो मास्तर, म्हणालो, स्वर्गात. "मंग त्या शब्दाचा अर्थ सांगा मले," म्हणालीस, आणि दुसऱ्याच दिवशी निघून गेलीस.

तेव्हापासून तो अर्थच शोधतो आहे. चांद्याला जाऊन कचेरीतल्या म्हाताऱ्या मुनशींना गाठलं. ते म्हणाले, स्वर्गासाठीचे दोन शब्द, फारसीतला फिर्दोस आणि इंग्रजीतला पॅराडाईज, एकाच मुळाचे. जुन्या इराणी भाषेत शब्द होता पैरिदएझ. पैरि म्हणजे आपलंच 'परि', भोवती. दएझ म्हणजे भिंत. आधी नुसतं आवार, मग त्या आवारातली राजाची बाग, आणि पुष्कळ शतकांनी देवाची. ऐकून मी थिजलो. रानडुकरं उकरतील म्हणून रंभाला पुरलं त्या मातीभोवती मी याच हातांनी बांबूचं कुंपण घातलंय. एवढ्या मोठ्या शब्दाच्या तळाशी तेवढंच निघालं.

मग सोमारीबाईला विचारलं. आजारात रंभाच्या उशाशी तीच बसायची. तिच्या माडिया बोलीत असा शब्दच नाही म्हणाली. "आमचं मेलेलं मानूस कुठी जात नाई, गुरुजी. घरातच राह्यते. तुमी पोरीले काऊन दूर धाडता?" तिच्यासमोर मला रडू आवरलं नाही.

प्रेमिला, रंभा झोपेत गेली असं मी तुला सांगितलं. ते खोटं होतं. शेवटच्या दुपारी ती शुद्धीवर होती. मी तिला स्वर्गातली फुलं, झोपाळे, काय काय सांगत होतो. तिनं विचारलं, "आई हाय तिथी?" मी म्हणालो, येईल मागून. "मंग मले नाई जायचं." माझा हात तिनं असा धरला, की नंतर सोमारीला एकेक बोट सोडवावं लागलं.

माझी सिरोंच्याला बदली झाली आहे. एक जूनला हजर व्हायचंय, आणि तिला इथे टाकून माझं पाऊल उचलत नाही. तू ये. शिव्या दे, बोलू नकोस, पण ये. पंचवीस तारखेपासून मी आलापल्लीला मोटारीच्या थांब्यावर बसून असेन. शेवटची मोटार गेली तरी उठणार नाही.

तुझाच,
गुणवंत