पुलापलीकडच्या कब्रस्तानातली जागा

मी, एर्गाशाली मिर्झाकुलोव, वय वर्षे छप्पन, धंदा शेगड्या व चुली घडवणे, राहणार कुरगांचा, ओश प्रांत, किर्गिझस्तान, आज माझ्या कामाच्या खोलीत बाकावर बसून, डोके ठिकाणावर असताना आणि कोणी हात धरलेला नसताना, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. शाळा आठवीपर्यंत झाली. पुढचे सगळे माझे मी शिकलो, कायद्याची भाषाही. तेव्हा वकिलाने दुरुस्त्या सुचवू नयेत. माझ्या फुप्फुसांबद्दल डॉक्टरीणबाईंनी सांगायचे ते सांगितले आहे. पुढच्या वेळी कधी यायचे, ते मात्र सांगितले नाही.

मुख्य मागणी आधीच लिहितो, म्हणजे घरादाराच्या कलमांत ती हरवणार नाही. मला माझी पत्नी ओयनिसा हिच्या शेजारी पुरावे. ती सरहद्दीच्या कालव्यापलीकडे, उझबेकिस्तानात, तिच्या माहेरच्या ओकमचित गावच्या कब्रस्तानात आहे. आमच्या गच्चीवरून ते दिसते.

कलम पहिले. घर, अंगण आणि बँकेत जे काही असेल ते माझी एकुलती एक मुलगी मुकर्रम हिचे. जावयाने सुखाने राहावे. मात्र मोटार आत घेण्यासाठी पूर्वेची भिंत पाडायचा त्याचा विचार मला ठाऊक आहे. तो त्याने सोडावा. त्या भिंतीवर माझी द्राक्षवेल आहे आणि त्याच्याकडे अजून मोटार नाही.

कलम दुसरे. पत्र्याच्या कात्र्या, ऐरण, डाख द्यायचे सामान आणि सगळे साचे, हेही मुकर्रमचे. डाख देताना तिचा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे. हे तिला तोंडावर कधी सांगितले नाही. ते इथे नोंदवतो.

मुकर्रम, धंद्याचे एक ऐक. आपल्याकडे पाणी डोंगरातले, त्यांच्याकडे गॅस जमिनीतला. बोलणी ठीक असली की उन्हाळ्यात पाणी त्यांच्या कापसाला जाते आणि हिवाळ्यात गॅस आपल्या घरी येतो. बोलणी फिसकटली की इकडे धरणाचे दरवाजे खाली, तिकडे नळाची चावी बंद. आणि लगेच आपल्या दारात बायकांची रांग. "एर्गाशालीभाऊ, या शेगडीला शेणी चालतील असं काहीतरी करा." समेट झाला की त्याच बायका परत. "आता हिला पुन्हा गॅसची करा, आणि या वेळी जरा टिकू द्या!" जणू करार मीच मोडला होता. म्हणून मी दुतोंडी शेगडी काढली. झाकण एका अंगाला फिरवले की गॅस, दुसऱ्या अंगाला फिरवले की शेणी-कोळसा. सध्या दोन्ही देश गळ्यात गळे घालून आहेत. गिऱ्हाईक म्हणेल, खालचे शेणीचे तोंड काढून टाका, उगाच जागा खाते. काढायचे नाही.

कलम तिसरे. हे वाटणीचे कलम नाही, पण याच्याशिवाय पुढचे कळणार नाही. एका हिवाळ्यात आमचा गॅस असाच बंद झाला. ओयनिसाची छाती नाजूक. माझी शेगडी कितीही चांगली असली तरी शेणीचा धूर तो धूरच. तिच्या माहेरी गॅस चालू होता. "थोडे दिवस ऊब घेऊन येते," डोक्यावरचा रुमाल सावरत ती म्हणाली, "तोवर तुमच्या त्या दोन सरकारांना जरा समजवा." ती गेली आणि पाठोपाठ दोघांनी आपापले राजदूत परत बोलावले. कालव्यावरच्या पुलाच्या फळ्या काढल्या गेल्या. पलीकडे जायचे तर मयताची तार हवी, आणि तारेवर शिक्का हवा.

नवरोजच्या दिवशी तार आली. ती ओयनिसाचीच होती. शिक्का मारणारे कार्यालय सणामुळे बंद. मयताला मावळतीच्या आत माती द्यायची असते, आणि तिचा धाकटा भाऊ सोबितखान माझ्यासाठी थांबला नाही. मयताच्या घरच्या पुरुषाने उभे राहायचे तसा मी कंबरेला उपरणे बांधून माझ्या दारात उभा राहिलो. शेजारीपाजारी आले, माझे हात हातात घेऊन गेले. माझ्या पाठीमागे घरात मयत नव्हते. पलीकडे सोबितखान त्याच्या दारात तसाच उभा होता, असे नंतर कळले. मग मी गच्चीवर गेलो. तिला नेताना दिसली. खांदेकऱ्यांत मी नव्हतो.

सोबितखानशी त्यानंतर बोललो नाही. पूल पुन्हा उघडला, वाजंत्री वाजली, दोन्हीकडच्या साहेबांनी फीत कापली. त्या गर्दीत तो खरबूज घेऊन आला होता. मी ते मुकर्रमच्या हाती परत पाठवले. निदान खरबूज ठेवून घ्यायला हवे होते.

कलम चौथे. आता त्या पुलावरून कांदे, सिमेंट, मोटारी, कोंबड्यासुद्धा जातात. म्हणून मी कार्यालयात चौकशीला गेलो.

खिडकीतली मुलगी म्हणाली, "काका, जिवंत माणसाला ओळखपत्र पुरतं."

"आणि मेलेल्याला?"

तिने कपाटातून नियम काढले. दोन्हीकडचे दाखले, आरोग्याचा कागद, जस्ताची सीलबंद पेटी. "आठवडा तरी धरून चाला."

"बाई, मावळतीच्या आत पुरतात आपल्यात. आणि जन्मभर पत्रा ठोकला म्हणून मला पत्र्यातच घालणार की काय?"

ती हसली, मग तिचे तिलाच कसेसे झाले. "मालाचे नियम लवकर बदलले, काका. माणसांचे बदलतायत हळूहळू."

"मग कांदे म्हणून लिही मला."

तिने चहा मागवला. तिच्याविषयी माझी तक्रार नाही.

यावरून मी ठरवले की पूल जिवंतपणीच ओलांडायचा आणि पलीकडेच मरायचे. पण मरेपर्यंत पलीकडे राहायला घर लागते, आणि तिथे माझे म्हणता येईल असे घर एकच आहे, सोबितखानचे.

कलम पाचवे. मला न विचारता मुकर्रमने सोबितखानला फोन केला. तो आज सकाळी आला. उंबऱ्यातच थांबला.

"दाजी म्हणू, की अजून मनाई आहे?"

"बस," मी म्हणालो. त्याला पाणी दिले. मग विचारले, "एक रात्र का थांबला नाहीस रे?"

"थांबलो असतो, तर तिला रात्रभर तशीच ठेवली म्हणून तुम्हीच मला शिव्या घातल्या असत्या. आणि सकाळी शिक्का मिळाला नसता तर? मग तिला काय सांगणार होतो मी?"

इतकी वर्षे हा प्रश्न मी मनातल्या मनात विचारत होतो आणि उत्तरही मीच देत होतो. त्याचे उत्तर आज पहिल्यांदा ऐकले.

"तिच्या शेजारी जागा आहे का?"

त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "एका अंगाला आई आहे. दुसऱ्या अंगाची जागा मी माझ्यासाठी धरून ठेवलीय."

"मग राहू दे."

"राहू दे काय! मी एक जागा सरकतो. तुम्ही मधे पडा. इतकी वर्षं माझ्याशी बोलला नाहीत; तिथं उठून कुठं जाल, ते बघतो."

हे लिहिताना मला पुन्हा हसू आले, हसण्याने खोकला आला आणि वरच्या दोन ओळींवर शाई सांडली. ती खाडाखोड समजू नये. सोबितखानचे हे बोलणे मी कलम म्हणून घेतले आहे आणि ते त्याच्यावर बंधनकारक आहे.

साक्षीदाराला काही देऊ नये असा नियम आहे, म्हणून सोबितखानच्या नावे मी काही ठेवलेले नाही. शुक्रवारी नमाजानंतर पुलावरून त्याच्या घरी राहायला जाताना एक नवी दुतोंडी शेगडी माझ्याबरोबर असेल. ती देणगी नव्हे, माझे सामान आहे.

वरील सर्व वाचून, समजून सही केली.

एर्गाशाली मिर्झाकुलोव

साक्षीदार पहिले: जोलदोश तुराटबेकोव, शेजारी, कुरगांचा.
साक्षीदार दुसरे: सोबितखान इनोयातोव, मेहुणा, ओकमचित.

दिनांक: ५ नोव्हेंबर २०२५. लिहिल्याचे ठिकाण: कुरगांचा. मृत्यूचे ठिकाण जो कोणी लिहील त्याला विनंती, तिथे ओकमचित लिहावे; ते खरे ठरावे इतकी घाई मी केली आहे.