जुनी नळी आणणारी पार्टी

१ मार्च १९९४, जळगाव
आमच्या कारखान्यात बनलेल्या ठिबक नळ्या जुन्या झाल्या की शेतातून परत आणायच्या, वितळवून पुन्हा वापरायच्या. आणणारी पार्टी मी निवडायची. मेअखेर पहिला ट्रक गेटात आला, तर साहेब मला कायम करणार. बाकीचे ओळखीवर निवडतात. मी बारा निकषांवर निवडणार. चुकीला जागाच नाही.

९ मार्च
गुणांत पाचोऱ्याचे ट्रान्सपोर्टवाले भाईदासभाऊ पहिले आले. नशिराबादचे भंगारवाले चुडामणभाऊ शेवटचे. तक्ता पाहून ते म्हणाले, ताई, पार्टी शोधताय की जावई? मी हसले नाही. वर्तणुकीचे दोन गुण कापले.

४ एप्रिल
भाईदासभाऊंचा ट्रक गावोगाव फिरून रिकामा परत. तेरावा निकष घातला: चिकाटी.

१० एप्रिल
स्वतः गेले. पाचोऱ्याजवळ भिकनआबांचा मळा. जुनी नळी टाकाऊ असते, हे माझं गृहीतक. इथे त्याच नळीने केळी बांधली होती, गोठ्याचं दार बांधलं होतं. अंगणात तिच्यावर कपडे वाळत होते. आबा म्हणाले, बठ्ठी नळी कामनी शे, ताई. म्हणजे सगळीच कामाची. त्यांच्या पत्नी लताबाईंनी विचारलं, दिली तर केळी काय तुमच्या ओढणीने बांधायची? मी पर्यावरणाचं महत्त्व सांगितलं. चहा मिळाला.
निष्कर्ष: मळा अपवादात्मक. पार्टी बदलावी.

१ मे
देवपूरला घरी. आईला तक्ता समजावला. तिने विचारलं, शेतकऱ्याला काय मिळणार, ते कुठल्या रकान्यात? म्हटलं, शेतकरी पार्टी नाही. ती भाकरी थापायला गेली. तांत्रिक विषय आहे.

१४ मे
धुळ्याचे मगनभाऊ. निकष वाचून संपायच्या आत उत्तरं तयार. म्हणाले, मॅडम, नळी कुठून आणायची ते माझ्यावर सोडा. सोडलं. तेरापैकी तेरा निकषांत पूर्ण गुण. असं पहिल्यांदाच घडलं.

२८ मे
ट्रक आला. गच्च भरलेला. साहेबांनी पेढे वाटले, माझी पाठ थोपटली.
मग नळ्या जवळून पाहिल्या. शेतातल्या नळीत माती असते. ह्यांत नव्हती. पाण्याची छिद्रंही नव्हती. छपाईचा शिक्का गेल्या आठवड्याचा. आमचाच रिजेक्ट माल. मगनभाऊंनी तो मागच्या गेटाने भंगार म्हणून नेला आणि पुढच्या गेटाने जुनी नळी म्हणून चढ्या भावाने आम्हालाच विकला. भंगार विकायला मंजुरी माझी. विकत घ्यायलाही माझी.
गप्प राहिले असते तर आज कायम झाले असते. तोंडातला पेढा गिळला आणि साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, सहा महिने आणखी प्रोबेशन. आणि बाई, आता तुमची बसायची जागा मागच्या गेटावर.
तक्ता पुन्हा तपासला. 'वाहतुकीचं अंतर कमीत कमी' ह्या निकषात मगनभाऊंना दिलेले गुण बरोबर होते.