दोर धरणारी

मंगळवार, ६ फेब्रुवारी

चौदापैकी तेरा जण गेले! उणे बारा तापमान, अंगात जाड कपडे, पायात बूट, पाठीवर दप्तर – आणि सरळ तळ्याच्या काळ्या पाण्यात उडी. चौथीतली पोरं! सतरा वर्षं मी हे शिकवतेय, तरी दरवेळी श्वास माझाच अडकतो.

शाळेची देखभाल बघणाऱ्या अल्वारनं सकाळीच करवतीनं बर्फ कापून ठेवला होता. टेबलाएवढं चौकोनी भगदाड. बर्फ हातभर जाड. पोराच्या कमरेला दोर, दुसरं टोक माझ्याकडे. गळ्यात लाकडी मुठीचे दोन टोचे. आत पडल्यावर आधी श्वास ताब्यात आणायचा. मग नाव आणि वाढदिवस मोठ्यानं सांगायचा. मग टोचे बर्फात रोवून स्वतःला बाहेर ओढायचं आणि लोळत लांब जायचं. उभं राहायचं नाही – खरंच कधी पातळ बर्फ फुटून पडलात, तर उभं राहिलं की तो पुन्हा फुटतो. एवढंच. चेंडू, दोरीच्या उड्या, कोलांट्या, सगळं शिकवते मी, पण यापुढे ते सगळं लुटुपुटूचं वाटतं.

सिक्स्टेन वाढदिवस विसरला. “मे! नाही, जून! कुठला तरी!” माल्टेनं घाईत कुत्र्याचं नाव सांगितलं. रूट वर्गात कधी तोंड उघडत नाही, ती बाहेर आली, अंगातून वाफा निघतायत, आणि ओरडली, “परत! मला परत जायचंय!” कुठून येतं हे त्यांच्यात?

राहिली हिल्लेवी. स्केट्सवर तिला शाळेत कुणी गाठू शकत नाही. काठाशी आली, खाली पाहिलं, म्हणाली, “नको.”

मी म्हटलं, “चालेल.” सक्ती नाहीच करत मी. पण सिक्स्टेन गप्प बसेल तर ना! “हिल्लेवी फाटली! हिल्लेवी फाटली!”

ती वळली. रडली नाही. “इंगेलाला विचार ना. इंगेला, तू गेलीयेस कधी आत?”

सगळी पोरं माझ्याकडे बघायला लागली. अल्वार उगाच आकाशाकडे.

“मी दोर धरते,” मी म्हटलं.

“दरवर्षी?”

“दरवर्षी.”

ब्लूबेरीचं गरम सूप पिऊन परत आलो.

बुधवार, ७ फेब्रुवारी

खरं लिहायचं तर पहिल्या वर्षी मला सर्दी होती. दुसऱ्या वर्षी पाठ. मग कुणी विचारेनासंच झालं. हिशेब केला – दोनशेच्या वर पोरं माझ्या शब्दावर त्या पाण्यात उतरली. मी एकदाही नाही. पोहण्याच्या तलावात मी तासन् तास काढते. पण बर्फातल्या त्या काळ्या चौकोनाकडे बघितलं की पाऊल आपोआप मागे जातं.

कुणाला कळलं नव्हतं. दहा वर्षांच्या पोरीला कळलं.

गुरुवार, ८ फेब्रुवारी

आज आत, हॉलमध्ये. छतापर्यंत दोरावर चढणं. हिल्लेवी माकडासारखी वर. वरच्या तुळईला हात लावून तिथेच लोंबकळत राहिली, मजेत. म्हणजे भित्री नाहीच ती! फक्त एका गोष्टीला घाबरते. अगदी माझ्यासारखी.

जेवणाला वाटाण्याचं सूप आणि पॅनकेक. ताट घेऊन ती माझ्या समोर येऊन बसली.

“मी विचार केला,” म्हणाली. तोंडात पॅनकेक, हनुवटीला जॅम. “तू आधी. दोर मी धरीन.”

“मी सत्तर किलोंची आहे, बाई.”

“आम्ही चौदा जण आहोत.”

“आणि मी नाही म्हटलं तर?”

तिनं खांदे उडवले. “चालेल. सक्ती नाही.”

माझंच वाक्य! जसंच्या तसं!

सोमवार, १२ फेब्रुवारी

अल्वारला सांगितलं, बुधवारी पुन्हा भगदाड मोकळं कर. “कुणासाठी?” – “माझ्यासाठी.” तो हसला नाही. म्हणून जास्तच धडकी भरली.

बुधवार, १४ फेब्रुवारी

लिहायलाच हवं, सगळं.

उणे नऊ. वारा नाही. हिल्लेवीनं माझ्या कमरेला गाठ मारली, दोनदा ओढून बघितली – मी त्यांच्या गाठी बघते तशी. दोराला ती सगळ्यांत पुढे, मागे बाकीची रांगेत, शेवटी अल्वार. “मी फक्त शोभेला,” म्हणाला.

काठावर उभी राहिले. पाय उचलेना. किती वेळ? पोरं एक शब्द बोलली नाहीत. सिक्स्टेनसुद्धा नाही! गेल्याच आठवड्यात त्यांनी हे केलं होतं, काठावर काय होतं ते त्यांना ठाऊक होतं. मलाच नव्हतं.

मग गेले.

छाती कुणीतरी मुठीत आवळली. तोंड उघडं, पण हवा आत जाईना. डोक्यात एकही शब्द नाही. सतरा वर्षं जे घोकून घेतलं त्यातलं काहीही नाही! वर आभाळ पांढरं, काठावर टोप्यांची रांग.

“श्वास!” हिल्लेवीचा आवाज. “इंगेला, आधी श्वास! सोड बाहेर! हळू!”

“नाव सांग!” – रूट!

“माल्टेच्या कुत्र्याचं सांगितलंस तरी चालेल!” – सिक्स्टेन.

त्यावर मी हसले. पाण्यात, हसले! आणि हसताना श्वास आला. नाव सांगितलं. वाढदिवस सांगितला. टोचे रोवले. एकदा घसरले, दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा पोट बर्फावर आलं, दोर ताणला गेला, आणि चौदा पोरांचं बळ कमरेशी जाणवलं. केवढं ते बळ! उभी राहायला गेले तर चौदा आवाज एकदम, “लोळ! लोळ!” लोळले.

मी ब्लँकेटात कुडकुडतेय तोवर हिल्लेवीनं स्वतःच दोर बांधून घेतला होता. कुणाला काही विचारलं नाही. गेली. वर आली, दात वाजतायत, आणि शांतपणे नाव, वाढदिवस, रस्ता, घर नंबर आणि वर पिनकोड!

असलं काही मी शिकवलं म्हणतात लोक. मी काय शिकवलं? मी दोर धरला.

शनिवार, १७ फेब्रुवारी

दंड अजून दुखतायत. पप्पांना फोन केला. एक्क्याऐंशीचे आहेत, वृद्धाश्रमात असतात, आई गेल्यापासून फारसं बोलत नाहीत. बुधवारचं सगळं रंगवून सांगितलं. ते एवढंच म्हणाले – “उद्या ये. समोर सांगायचंय.”

रविवार, १८ फेब्रुवारी

“ती तुझी पहिली वेळ नव्हती, इंगेला.”

मी तीन वर्षांची होते. मार्चमधला बर्फ, उत्तरेतलं आमचं जुनं घर. घसरगाडीसकट आत गेले. पप्पा बर्फावर पालथे पडून खांद्यापर्यंत हात पाण्यात घालून चाचपत राहिले. तिसऱ्या खेपेला टोपडं हाताला लागलं. आईनं त्यांना शपथ घातली – पोरीला कधी सांगायचं नाही, जन्माची भीती बसेल.

मी विचारलं, “दोर कुणी धरला होता?”

“दोर कुठला? तुझी आई माझे पाय धरून होती.”