खंडेनवमीला बंद केलेला सर्व्हर

३० सप्टें.
कारखान्यात ऊसनोंदणीला ऊत आलाय. ऊस नोंदवून घेणारे चिटबॉय बांधावर मोबाईल धरून उभे, इथं माझ्या ताब्यातला सर्व्हर हलंना. एका नोंदीला दीड मिनिट. शेतकी अधिकारी साहेब दोनदा येऊन गेले. “दसऱ्याला यादी बंद. तोडणीची पाळी तारखेवर लागते. हलवा की जरा त्याला.” हलवा म्हणे. म्हैस आहे का ती.

३ ऑक्टो.
घट बसले. उपासाचं डोकं बरं चालतं. सर्व्हरची सिस्टीम उघडली. प्रत्येक नोंद डिस्कवर लिहून झाल्यावरच तो ‘झालं’ म्हणायचा, तिथं तुंबत होतं. आता आधी ‘झालं’ म्हणतो, नोंदी मेमरीत धरतो, दर दहा मिनिटांनी एकदम लिहितो. दोन सेकंदांत नोंद, शेतकऱ्याला मेसेजपण! वीज एकदम गेली तर मेमरीतलं सगळं गेलं. पण यूपीएस आहे, जनरेटर आहे. दसरा झाला की परत पहिल्यासारखं करायचं. साहेबांना एवढं खोलात सांगितलं न्हाय.

७ ऑक्टो.
दोनदा लाइट गेली. यूपीएसनं धरलं. दोन्ही वेळा मी सर्व्हरपाशी पळालो. साहेब मात्र लई खूश.

११ ऑक्टो., खंडेनवमी
चालू यंत्राला हळदकुंकू लावत न्हाईत. दरवर्षी मी सर्व्हर नीट बंद करतो, मग वायरमन दत्तूमामा खटका पाडतात. यंदा साहेबांनी कौतुक करायला केबिनमध्ये बसवलं. बाहेर आलो तर नारळ फुटलेला. मामांनी यूपीएससकट सगळं बंद केलेलं. “तुमी कामात होता, म्हणलं आपणच करावं.”
खेड्यांत नोंदणी चालूच होती तेव्हा.
सर्व्हर चालू झाला. यादी दिसते. शेवटच्या नोंदी बघायचं धाडस झालं न्हाय.

१२ ऑक्टो., दसरा
ताईकडं ढोकीला सोनं द्यायला गेलो. दाजी म्हणले, “काल सकाळी नोंद केली. बघा बरं, कितवी पाळी लागते.” मोबाईलवर बघितलं. नाव न्हाय.
“मेसेज आला होता ना?”
“आला की. नोंद झाली म्हणून. पुसला. रोज धा येतात.”
बघून सांगतो म्हणलो. पाळी गेली की ऊस एप्रिलपर्यंत उभा, वाळून नुसती चिपाडं. यंदा त्यांचं सगळं रान उसाचंच.

१४ ऑक्टो.
यादी बंद झालेली, तरी दाजींची नोंद हातानं टाकली. तारीख, वेळ खंडेनवमीच्या सकाळची, बरोबर. खोटं काहीच न्हाय, तरी चोरी केल्यासारखं वाटलं.
त्या दहा मिनिटांत आणखी कोण होतं? कुठल्या गावचे, किती? त्यांच्या मोबाईलवर ‘नोंद झाली’ आहे, म्हणून सगळे निवांत. जानेवारीत ट्रॅक्टर आला न्हाय की कळंल.

१७ ऑक्टो.
सूचना लिहून ठेवलीय. खंडेनवमीला सकाळी नोंद केलेल्यांनी मेसेज पुसू नये, कारखान्यात आणून दाखवावा. कारणाची जागा मोकळी. कारण लिहिलं की मी सापडतो, आणि दाजींची नोंद कशी आली तेही निघतं. तीन दिवस कागद खिशात. इकडं कोण ना कोण मेसेज पुसतच असंल.
दुपारी दत्तूमामा सर्व्हरकडं बघत म्हणले, “यंदा पूजा लागू पडली बघा. लई पळतोय.”
मी व्हय म्हणलो.