भिंतीपाशी मागितलेली सोबत

३ मार्च १९९१, आंतोफागास्ता

पोहोचले बाई एकदाची! बसमध्ये बसून बसून पाठीचा पार भुगा झालाय, पण मी खुशीत आहे. आमच्या चिलोए बेटावर बारा महिने पाऊस; इथे दोरीवर टाकलेले कपडे चहा होईतो वाळतात. मासिकाला या शहराची कुरूप बाजू हवी आहे : पडकी गोदामं, गंजके पत्रे, उकिरडे. संपादक म्हणाले, समुद्र आणि सूर्यास्त कॅलेंडरवाले काढतात, तुम्ही त्या भानगडीत पडू नका. मला हेच हवं होतं. देखण्या गोष्टींपुढे मी जरा अवघडते. पंचेचाळिशीची, बसक्या नाकाची बाई मी, आरशाशी माझं कधी फारसं जमलं नाही.

घरमालकीण दोन्या एर्सिलिया भलत्याच तोंडाळ आहेत. कॅमेऱ्याची पेटी पाहून म्हणाल्या, उकिरड्याचे फोटो काढायला एवढ्या लांबून आलीस होय? माझं स्वयंपाकघर काढ की! त्यांच्या न्हाणीघराला खिडकी नाही, म्हणून फिल्म धुवायला ते मला देणार आहेत.

१० मार्च

रेल्वेच्या जुन्या आवारामागची वस्ती सापडली. छप्पर नसलेली गोदामं, पोपडे सुटलेल्या भिंती, मोडक्या खाटा. काम झकास चाललंय. माणूस मात्र औषधालाही दिसत नाही, आणि दिसलं तरी बोलत नाही. आज रविवार. घराघरांतून मांस भाजल्याचा वास येत होता, हसणं ऐकू येत होतं. मी पाव आणि अॅव्होकॅडो खाल्लं, एकुलतं एक ताट विसळलं आणि खिडकीत बसून राहिले. थोरल्या बहिणीचा, नेल्दाचा फोन आला होता. तिने विचारलं, कुणी भेटलं का गं तिथे? मी म्हटलं, खूपजण. फोन ठेवल्यावर रडले.

१९ मार्च

आवाराच्या भिंतीपाशी एक आनिमिता दिसली. वाटेत कुणी अवचित गेलं की त्याच जागी गुडघ्याएवढं घर बांधतात, जिवाला टेकायला. आमच्याकडेही आहेत. लोक तिथे मेणबत्ती लावतात, पाणी ठेवतात, काहीतरी मागतात आणि बदल्यात काहीतरी कबूल करतात. पण या घरावर नाव नव्हतं. मेणबत्तीचा ठिपकासुद्धा नाही, पाण्याची बरणी कोरडी ठाक. माझ्या बाटलीतलं पाणी ओतलं, मेणबत्ती लावली आणि अर्धवट थट्टेत म्हटलं, बाबा रे, मला सोबत दे. मीही तुला एकटं टाकणार नाही.

मग स्वतःचंच हसू आलं. तिथून पुढे कोळशाच्या वखारीचे फोटो काढले.

२४ मार्च

फिल्म धुतली. त्यातला एक फोटो मी काढलेला नाही. त्यात मी आहे, भिंतीपाशी वाकलेली. माझा कॅमेरा माझ्याच गळ्यात लटकलेला दिसतोय.

घाबरायला हवं होतं. पण खरं सांगू? मी त्यात छान दिसतेय. एवढ्या मायेनं माझ्याकडे आजवर कुणी पाहिलेलं नाही. फोटो उशीजवळ ठेवलाय.

२ एप्रिल

आता प्रत्येक रिळात तीन-चार असतात. स्टोव्हपाशी मी. केस विंचरताना मी. झोपलेली मी. कधी कधी पाठीमागे खुर्ची करकरते आणि मला बरं वाटतं, हे लिहायला लाज वाटते.

पाववाल्याने आज माझ्या मागच्या बाईला आधी पाव दिला. मग तिच्या मागच्या बाईला. मी ओरडले तेव्हा दचकून म्हणाला, अहो बाई, तुम्ही कधी आलात? दोन्या एर्सिलियांनीही जेवायला स्वतःपुरतं एकच ताट मांडलं होतं.

६ एप्रिल

दोन्या एर्सिलियांना सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला, मग त्यांनी मला फैलावर घेतलं. म्हणाल्या, अगं नोकरी मागावी, गुडघेदुखीवर उतारा मागावा, सोबत कोण मागतं, पोरी? त्या बिचाऱ्याकडे स्वतःशिवाय द्यायला आहे काय? आणि वर शब्दही देऊन बसलीस! जा, त्याचे आभार मान, दिलेला शब्द परत माग, आणि पहिल्या बसने बहिणीकडे नीघ.

हे सगळं त्या माझ्याकडे नव्हे, शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून बोलत होत्या.

९ एप्रिल

गेले होते. भिंत नाही. सगळी वस्ती यंत्र फिरवून सपाट केली आहे, ते घरही त्यात गेलं. विटांच्या ढिगाऱ्यावर मेणबत्ती लावली, शब्द परत मागितला. कुणापाशी मागत होते? तो तिथे नव्हताच. त्याला आता घर म्हणून माझी खोलीच उरली आहे.

संध्याकाळी रीळ धुतलं. सगळे फोटो माझेच. फार जवळून. डोळ्यांखालच्या भेगा, किडका दात, ओठांचे पोपडे. मी भिंती टिपते तसं तो मला टिपतोय. जिथे कुणी फिरकत नाही, तेच शोधून शोधून —

मला नेल्दाकडे जायचंय.

१२ एप्रिल

बस थांबली नाही. दुसरी थांबली, चालकाने माझ्या हातावर दार लावलं. दुखलं नाही. बाकड्यावरची एक बाई माझ्या मांडीवर पिशवी ठेवायला लागली —

चालत परत आले. खोलीत खुर्ची माझ्याकडे वळवून ठेवलेली होती.

१५ एप्रिल

दोन्या एर्सिलियांनी खोली झाडली. माझ्या पायांवरून झाडू फिरवला. फोन वाजला, नेल्दा होती. त्या तिला म्हणाल्या, गेली हो, न सांगताच गेली, सामान तेवढं इथेच पडलंय. मी रिसीव्हरला तोंड लावून ओरडत होते. नेल्दा, मी आहे गं, मी इथेच —

खुर्ची करकरली. तो ऐकतो. तो एकटाच ऐकतो.

तारीख माहीत नाही

नेल्दा आलीय! एवढ्या लांबून, सुजलेल्या पायांनी. माझ्या खाटेवर बसलीय. माझा स्वेटर मांडीवर घेऊन रडतेय. किती म्हातारी दिसते. मी तिचा हात धरला, तिने शहारून खिडकी लावून घेतली.

पिशवीतून मेणबत्ती काढलीय. टेबलावर लावतेय. माझं नाव घेतेय.

म्हणतेय, ओतिलिया, कुठेही अस, पण सोबतीला ये गं. मला एकटीला —

नेल्दा, नको. मागू नकोस. मला नाही म्हणता येणार नाही, मी उठलेय बघ, मी तुझ्या —